म्हशीवरची कुऱ्हाड

युद्ध लागलं आणि बंदरातल्या सहाच्या सहा टगबोटी नौदलाने उचलल्या, तेव्हा कोणी कोणाला विचारलं नाही. एक कागद आला. आजपासून ही बोट, तिचं इंजिन, तिचे दोर, भांडीकुंडी आणि तिच्यावरची माणसं युद्धकार्यासाठी ताब्यात घेण्यात येत आहेत, असं त्यावर लिहिलं होतं. माणसांचा नंबर भांड्याकुंड्यांच्या मागे होता. त्यातल्या एका टगच्या तांडेलने कागद दोनदा वाचला आणि घरी बायकोला सांगितलं की यादीत आपण आहोत, शेवटी का होईना.

त्याच्या टगच्या पाटीवर काहीही नाव असो, सगळं बंदर तिला म्हैस म्हणायचं. काळी, रुंद, पोटापर्यंत पाण्यात बसलेली, आणि एकदा चालायला लागली की कोणाच्या बापाला न ऐकणारी. तिच्या दसपट जहाजं ती दोराला बांधून धक्क्याला आणायची आणि बाहेर नेऊन सोडायची. सुकाणूवर तांडेल, खाली इंजिनवर त्याचा सख्खा धाकटा भाऊ, आणि मागच्या डेकवर दोर सांभाळायला एक लांबलचक गडी, ज्याला सगळे शिडी म्हणत. तिघांनी मिळून वीस वर्षं ती हाकली होती.

पहिल्या आठवड्यात म्हशीला राखाडी रंग फासला गेला. नाव खरवडून नंबर घातला. मागच्या डेकवर, नेमकी जिथे शिडीची उठबस असायची तिथे, एक तोफ आणून वेल्डिंगने जोडली. तोफेसाठी गोळे आले ते दुसऱ्याच तोफेचे. ते परत पाठवले तर पुन्हा तेच आले. तोफेचा तोरा मात्र असा, की तिच्या एका लोखंडी पायामुळे दोराच्या हुकाचा दांडा अर्धाच फिरू लागला. तांडेलने हे दाखवलं तेव्हा बोटीवर नेमलेला साहेब म्हणाला की दांडा अर्धा तरी फिरतोय ना, मग झालं.

हा साहेब म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक अधिकारी. त्याच्या कपड्यांवरची घडी कधी मोडत नसे म्हणून शिडीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव इस्त्री ठेवलं. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. त्याने पाणी पाहिलं होतं ते पेल्यातलं, आणि नियम पाहिले होते ते पुस्तकातले, आणि दोन्हींची खोली त्याला सारखीच वाटायची.

त्याने बोटीची मोजदाद केली. चमच्यापासून नांगरापर्यंत सगळं लिहून काढलं. मग तो मागच्या डेकवर आला, हुकाशेजारच्या खुंटीवर टांगलेल्या कुऱ्हाडीपाशी थांबला, आणि म्हणाला की धारदार हत्यार असं उघड्यावर ठेवता येणार नाही. धारदार वस्तू कोठारात, कोठाराला कुलूप, कुलपाची किल्ली अधिकाऱ्याच्या खिशात.

तांडेलला आधी वाटलं साहेब थट्टा करतोय.

इथे त्या कुऱ्हाडीबद्दल सांगायला हवं. टग जहाजाला ओढते तोवर सगळं ठीक असतं. जहाज टगला ओढायला लागलं की संपलं. मोठ्या जहाजाने अचानक वेग घेतला, टग मागे पडली आणि दोर आडवा झाला, तर तो दोर टगला कुशीवर पाडतो. शंभर आकडे मोजून होईपर्यंत टग पालथी. हुकाचा दांडा ओढून दोर सोडायचा असतो, पण दोर ताणलेला असला की दांडा अडकतो, हे कोणताही खलाशी सांगेल. मग एकच उपाय उरतो, कुऱ्हाडीने दोर तोडायचा. तोही जमला नाही तर वरची माणसं पाण्यात उड्या मारू शकतात. खाली इंजिनपाशी जो असतो त्याला उडी मारायला जागा नसते.

तांडेलचा बाप याच बंदरात टगवर तांडेल होता. एके दिवशी त्याच्या बोटीवरची कुऱ्हाड कोणीतरी लाकडं फोडायला नेली, आणि नेमकं त्या दिवशी काम पडलं. बाप पोहून बाहेर आला. त्याचा इंजिनवाला आला नाही. त्यानंतर बापाने नियम घातला आणि बंदरातल्या सगळ्या टगांनी तो उचलला. कुऱ्हाडीला दुसरं काम लावायचं नाही, मग सरपण भिजलेलं असो की दोरी अडकलेली. आणि रोज सकाळी निघण्याआधी तांडेलने स्वतः ती खुंटीवरून काढायची, इंजिनच्या वरच्या लोखंडी झाकणावर तिच्या मागच्या बोथट बाजूने तीन ठोके मारायचे, आणि परत टांगायची. खालून इंजिनवाला पान्याने तीन ठोके देऊन उत्तर देतो. कुऱ्हाड जागेवर आहे, तू खाली निर्धास्त राहा, एवढाच त्याचा अर्थ. ठोके ऐकल्याशिवाय या बंदरात कोणी इंजिन चालू करत नसे.

तांडेलने हे सगळं इस्त्रीला समजावून सांगितलं, बापासकट. इस्त्रीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की कुऱ्हाड लागली तर मागितल्यावर मिळणारच आहे, मग अडचण काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटी रिकामी होती, आणि बाकीच्या पाच टगांवरच्याही. ठोके पडले नाहीत, म्हणून इंजिन चालू झालं नाही. इस्त्रीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली. त्याने विचारलं की खालचा माणूस झोपलाय का? शिडीने सांगितलं की तो ठोक्यांची वाट बघतोय. इस्त्रीचा आवाज चढला नाही, पण त्याने सांगितलं ते असं, की युद्धकाळात हुकूम न मानणाऱ्याला कुठे पाठवतात हे इंजिनवाल्याला कळवा, आणि आणखी दोन मिनिटांत यंत्र सुरू झालं नाही तर धक्क्यावर उभे असलेले दोन शिपाई त्याला घेऊन जातील. शिपाई खरंच उभे होते. बंदुका घेऊन.

तांडेलने इकडेतिकडे पाहिलं. भावाचं घर त्याच्या घराला लागून होतं, मध्ये नुसती एक भिंत. भावजयीला सातवा महिना होता. त्याने अवजारांच्या पेटीतून हातोडा उचलला आणि झाकणावर तीन ठोके मारले.

खाली शांतता. नेहमीपेक्षा बरीच लांब. मग पान्याचे तीन ठोके आले आणि इंजिन धडधडू लागलं.

इस्त्री म्हणाला, "बघा, झालं ना?"

तांडेलच्या तोंडात शिवी आली होती ती त्याने गिळली. पण त्याला राग आला तो साहेबाचा कमी आणि आपल्या हाताचा जास्त. बापाने जे ठोके एका माणसाच्या मरणानंतर सुरू केले, ते त्याने भावाला फसवायला वापरले होते. दुपारी जेवताना भाऊ त्याच्या समोर बसला. काहीतरी विचारेल म्हणून तांडेल मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. भावाने फक्त मीठ मागितलं.

मग सुरू झाले अर्ज. नौदलाच्या कचेरीत लांब बोळ, बोळात बाकं, बाकांवर अर्ज घेऊन बसलेली माणसं. पहिला अर्ज साध्या कागदावर होता म्हणून परत आला. दुसरा छापील कागदावर केला तर कारकून म्हणाला की यात कुऱ्हाडीचा रकाना नाही, 'तोडण्याचे साधन, हाती चालणारे' असं लिहा. तांडेलने तसंही लिहिलं. अडला हरी, काय करणार? कारकुनाने तिसरा अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं की उत्तर येईल. रोज सकाळी तांडेल हातोड्याने ठोकत होता, आणि रोज खालून उत्तर येत होतं.

घरी वेगळंच रामायण चाललं होतं. चुलीपाशी सरपण फोडायची छोटी कुऱ्हाड होती ती नाहीशी झाली म्हणून बायकोने आळी डोक्यावर घेतली. शेजारणीवर तिचा संशय होता, कारण शेजारणीने मागे एकदा पाटा नेला होता तो वर्षाने परत केला होता. तांडेल वैतागून म्हणाला की बाई, जगात सगळीकडे कुऱ्हाडींवरच गदा आली आहे, तू गुडघ्यावर काटक्या मोड. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

खोट्या ठोक्यांच्या अकराव्या दिवशी, भर सकाळी, लख्ख उजेडात, म्हैस एका भल्यामोठ्या मालवाहू जहाजाला बाहेर काढत होती. वारा बाजूने होता पण फार नव्हता. जहाजावरचे लोकही घाईत. युद्धात सगळ्यांनाच घाई असते. त्यांनी दोर सोडण्याआधीच आपलं इंजिन जोरात पुढे टाकलं.

तांडेलने सुकाणू फिरवलं, पण म्हैस मागे पडली होती. दोर आधी मागे होता तो बाजूला आला, मग सरळ आडवा. डेक कलंडला. डाव्या बाजूने पाणी चढलं. शिडी हुकाच्या दांड्यावर लोंबकळला. दांडा तोफेच्या पायाला जाऊन अडला, अर्ध्यावर, जसा तो गेले पंधरा दिवस अडत होता. शिडीने हाक मारली, "कुऱ्हाड!"

इस्त्री कोठाराच्या दारापाशी पोचला होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि जुडग्यात अकरा किल्ल्या. पहिली किल्ली लागली नाही. दुसरी लागली नाही. तिसरी हातातून पडली आणि सगळा जुडगा घरंगळत पाण्यापर्यंत गेला. तांडेल सुकाणू सोडू शकत नव्हता. त्याला फक्त ते लोखंडी झाकण दिसत होतं, आणि झाकणाकडे सरकत येणारं पाणी.

तेवढ्यात झाकण आतून उघडलं. भाऊ वर आला, अंगभर तेल, हातात कुऱ्हाड. बायकोची, चुलीपाशची, आखूड दांड्याची. तो वाकडातिकडा चढत हुकापाशी गेला आणि दोरावर घाव घातला. एक, दोन, तीन. दोर मांडीएवढा जाड, कुऱ्हाड सरपणाची. सातव्या घावाला दोर सुटला. म्हैस एक गचका खाऊन सरळ झाली.

ताणलेला दोर तोडताना कुठे उभं राहायचं हे दोरवाल्याला ठाऊक असतं. इंजिनवाल्याला कोणी शिकवलेलं नसतं. सुटलेलं टोक उलटं आलं आणि भावाच्या उजव्या हातावर बसलं.

हात कोपरापासून कापावा लागला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भेटू दिलं. इस्पितळाच्या लांब खोलीत चाळीस खाटा होत्या आणि भाऊ खिडकीजवळच्या खाटेवर होता. तांडेल स्टुलावर बसला. त्याने विचारलं, "तुला कळलं होतं?"

"दादा, हातोडा बद्द वाजतो, कुऱ्हाड खणकन वाजते. वीस वर्षं ऐकतोय मी. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग इंजिन कशाला चालू केलंस?"

भाऊ छताकडे बघत होता. "ठोकणारा तू होतास ना. म्हटलं, दादा खोटं ठोकतोय म्हणजे त्याच्या गळ्याशी काहीतरी आलंय. उगाच तुला आणखी अडचणीत कशाला टाकू? दुसऱ्या दिवशी वहिनीची कुऱ्हाड उचलली आणि तेलकट चिंध्यांत गुंडाळून आणली. फाटकावरचा शिपाई पांढरे हातमोजे घालतो, तो कशाला हात लावतोय? वहिनीला सांग, शेजारणीशी भांडू नको म्हणावं."

तांडेल उठून बाहेर गेला आणि बोळातल्या नळाखाली त्याने तोंड धुतलं, बराच वेळ.

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. आता ऐका न्याय. एक मोठी खोली, एक लांब टेबल, टेबलामागे तीन वरिष्ठ अधिकारी, आणि टेबलावर, शेपटाला चिठ्ठी बांधलेल्या उंदरासारखी, बायकोची कुऱ्हाड. पुरावा क्रमांक एक. कागद वाचून दाखवण्यात आले. बोटीवरील अधिकाऱ्याने संकटसमयी प्रसंगावधान राखून कोठाराकडे धाव घेतली, त्याबद्दल त्याची प्रशंसा. नियमानुसार कोठारात ठेवलेली कुऱ्हाड क्षणार्धात उपलब्ध होऊ शकली असती. परंतु त्याआधीच इंजिनवाल्याने आपली जागा सोडली, विनापरवाना बोटीवर आणलेले हत्यार वापरले आणि नौदलाच्या मालकीचा दोर तोडला. जखम लक्षात घेऊन दयाबुद्धीने शिक्षा माफ, मात्र यापुढे कोणत्याही बोटीवर काम नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्या म्हणीतल्या संन्याशाने निदान बोट तरी वाचवलेली नसते.

तांडेलला विचारण्यात आलं की ही कुऱ्हाड ओळखता का?

"ओळखतो," तो म्हणाला. "माझ्या घरची आहे. आणि कोणाला शिक्षा करायची तर मला करा. खोटे ठोके मी मारले. अकरा दिवस रोज मी माझ्या भावाला हातोड्याने सांगत होतो की कुऱ्हाड जागेवर आहे."

मधल्या साहेबाने शेजारच्या साहेबाकडे पाहिलं. शेजारच्याने पुस्तक उघडलं, पानं चाळली, मिटलं. ठोक्यांचा उल्लेख कोणत्याही नियमात नाही, तो म्हणाला, त्यामुळे ठोके मारले की नाही, खरे की खोटे, याचा या चौकशीशी संबंध नाही. तुम्ही जाऊ शकता.

म्हणजे बघा. भावाचा हात गेला त्याची नोंद नाही, आणि भावाच्या गुन्हेगाराचीही नाही. तांडेलने कबुली दिली तीसुद्धा कोणी घेईना. तो घरी आला तेव्हा तिसऱ्या अर्जाचं उत्तर येऊन पडलं होतं. विनंती नामंजूर. तोडण्याचे साधन मागणी केल्यास सहज उपलब्ध आहे.

बायकोने तो कागद वाचला. तांडेलला वाटलं ती रडेल. तिने कागद चुलीत घातला आणि म्हणाली, "ठोके नियमात नाहीत म्हणाले ना? मग उद्यापासून मारू नका."

"मग इंजिन चालू कसं होणार?"

"ते त्यांना विचारू द्या."

पायांत चपला सरकवून तांडेल शिडीकडे गेला, आणि शिडी बाकीच्या पाचही टगांच्या तांडेलांकडे. दिवस मावळायच्या आत सगळ्यांकडे जाऊन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराच्या तोंडाशी सात जहाजं आत यायला उभी होती. म्हशीवर भावाच्या जागी दुसऱ्या टगवरचा निवृत्त म्हातारा इंजिनवाला आला होता. तो खाली उतरला, बसला आणि वाट बघू लागला. तांडेल झाकणाशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. धक्क्याला लागून सहा टगा, आणि एकाही इंजिनचा आवाज नाही. इतकी शांतता त्या बंदराने युद्ध लागल्यापासून ऐकली नव्हती.

इस्त्री आला. त्याने घड्याळ पाहिलं. "ठोका ना," तो म्हणाला.

"नियमात नाहीत, साहेब. तुमच्याच साहेबांनी पुस्तक बघून सांगितलं."

"मग त्याला चालू करायला सांगा."

"सांगा तुम्ही. तो ठोके ऐकल्याशिवाय चालू करत नाही. बाकीच्या टगांवरही तेच आहे. शिपायांना बोलवा हवं तर. सहाही टगांची माणसं न्या. मग ती सात जहाजं दोराला धरून तुम्ही ओढा."

पहिल्या दिवशी त्याच शिपायांना बघून तांडेलने हातोडा उचलला होता. आज ते शिपाईही पायांकडे बघत होते. धक्क्यावर मोटार आली, मोटारीतून चौकशीतला मधला साहेब उतरला, त्याने बाहेरच्या सात जहाजांकडे पाहिलं, मग सहा टगांकडे, आणि रागाने लाल होऊन इस्त्रीला म्हणाला की द्या त्यांना ती कुऱ्हाड एकदाची.

इस्त्री कोठाराकडे वळला. तांडेल म्हणाला, "साहेब, घड्याळ बघून."

पाणी स्थिर होतं. डेक सपाट होता. ऊन चांगलं पडलं होतं आणि कोणी ओरडत नव्हतं. इस्त्रीने किल्ल्यांचा जुडगा काढला. पहिली लागली नाही. चौथी अर्धी गेली आणि अडकली, ती काढायला वेळ लागला. सातवी लागली, पण कुलूप खाऱ्या हवेने धरलं होतं. ते हलवून, आपटून उघडलं, मग कोठारात डब्यांच्या मागे हात घालून कुऱ्हाड शोधावी लागली. मधला साहेब धक्क्यावरून हे सगळं बघत होता. इस्त्री कुऱ्हाड घेऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची घडी मोडली होती.

"किती झाली?" तांडेलने विचारलं.

इस्त्रीने मनगट पाहिलं. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हरकत नाही. "साडेचार मिनिटं."

"म्हणजे माझा भाऊ दोनदा मेला असता," तांडेल म्हणाला. "लिहा कुठेतरी."

धक्क्यावरचा साहेब मोटारीत बसला. तांडेलने कुऱ्हाड हातात घेतली, तिची धार अंगठ्याने पाहिली आणि झाकणावर तीन ठोके मारले. खणकन वाजले. शेजारच्या पाच टगांवर कोठारं उघडण्याची खटपट चालू झाली होती. खालून म्हाताऱ्याने पान्याने उत्तर दिलं, जरा सावकाश, जरा हलक्या हाताने, भावासारखं नाही. तांडेलने ते तिन्ही नीट मोजून घेतले, कुऱ्हाड खुंटीवर टांगली आणि शिडीला दोर घ्यायला सांगितलं.